उन्हासाठी तिरकी बसवलेली इमारत

(दृश्य: जोड मनोरे, पायथ्यापासून टोकापर्यंत)

उंची 185 फूट. उतरत्या छपरांवर तांब्याचा पत्रा, आणि त्यावर काळानं चढवलेला हिरवा कळंक. पहिल्यांदा पाहणारा विचारतो, चर्च आहे की किल्ला?

हे मनोरुग्णालय होतं. अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातलं, बफेलो शहरातलं. 1880 साली ते सुरू झालं, तेव्हाचं नाव ‘बफेलो स्टेट असायलम फॉर द इनसेन’. वेडा हा शब्द तेव्हा सरकारी पाटीवरही चालायचा.

(दृश्य: भिंत, जवळून)

दगडाकडे बघा. हा मेडायना सँडस्टोन, म्हणजे तांबूस-तपकिरी वालुकाश्म. खाणी याच राज्याच्या पश्चिम भागातल्या. दर्शनी बाजू तासून गुळगुळीत केलेली नाही, अनघडच ठेवली आहे. ऊन कलतं तसा प्रत्येक दगड आपली सावली स्वतः पाडतो. कोरीव नक्षी जवळजवळ नाही आणि तिची उणीवही भासत नाही.

आराखडा हेन्री हॉब्सन रिचर्डसन यांचा. 1870 मध्ये हे काम हाती आलं तेव्हा ते जेमतेम बत्तिशीचे होते. पॅरिसच्या ‘एकोल दे बोझार’ या कलाशाळेत शिकून आलेले. जाड भिंती, भक्कम कमानी, दगडाचं वजन न लपवणारी रचना. या शैलीला पुढे त्यांचंच नाव मिळालं, ‘रिचर्डसोनियन रोमनेस्क’. बोस्टनच्या ट्रिनिटी चर्चमुळे ते देशभर गाजले, पण त्या शैलीची पहिली मोठी चाहूल इथे, या भिंतींत लागते.

(दृश्य: आकाशातून, संपूर्ण परिसर)

आता वरून. ही चौकट आमच्या या चित्रफितीतली सगळ्यात महत्त्वाची.

मधोमध मनोऱ्यांची प्रशासकीय इमारत. तिच्या दोन्ही अंगांना रुग्णांचे कक्ष, मूळ आराखड्यात प्रत्येक बाजूला पाच. पण ते एका रांगेत नाहीत. प्रत्येक कक्ष आधीच्यापेक्षा थोडा मागे सरकवलेला. आकाशात उडणाऱ्या पक्ष्यांचा थवा आठवतो ना, पुढे एक आणि मागे पसरत गेलेले बाकीचे, अगदी तसं.

या मांडणीमागे एक डॉक्टर आहेत, थॉमस स्टोरी कर्कब्राइड. फिलाडेल्फियातल्या मनोरुग्णालयाचे प्रमुख. साखळदंड आणि तळघरं पुरेशी पाहिलेल्या पिढीला त्यांनी सांगितलं की इमारत हाच उपचाराचा भाग आहे. हवा खेळती हवी, खिडकीतून हिरवळ दिसायला हवी, दिवसाला ठरलेलं वळण हवं. 1854 मध्ये त्यांनी यावर पुस्तकच लिहिलं. भिंती कशा, गवाक्षं कुठे, पाणी कसं खेळवायचं, सगळं त्यात. कक्ष मागे मागे सरकवले की प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी वारा आणि ऊन मिळतं, शेजारची भिंत आड येत नाही. शांत रुग्ण मध्याजवळ, जास्त अस्वस्थ असलेले टोकाला. बरं वाटू लागलं की माणूस एकेक कक्ष ओलांडत मनोऱ्यांकडे सरकणार. म्हणजे बाहेरच्या दाराकडे.

(दृश्य: वक्र जोडमार्ग, कॅमेरा चालत)

आणि हे ते वळण. दोन कक्षांना जोडणारे हे मार्ग सरळ नाहीत, पाव वर्तुळासारखे वळलेले आहेत. मागे सरकलेल्या इमारतींना एकमेकींशी जोडायचं आणि मधला उजेडही अडवायचा नाही, तर मग भिंतीलाच वाकायला लावायचं. या मार्गांचं दुसरं काम आगीच्या वेळचं. एका कक्षात आग लागली तर दारं लावून तो बाकीच्यांपासून तोडता यायचा. रिचर्डसन यांनी या निव्वळ सोयीच्या वास्तूला दिलेला डौल बघत आम्ही इथे बराच वेळ थांबलो. आपणही थोडं थांबा.

(संगीत. निवेदन नाही.)

भुताखेतांच्या व्हिडिओंना असे व्हरांडे फार आवडतात. अंधार, टॉर्च, किंचाळी. दिवसा या, दिवसा. छताची उंची बघा, खिडक्या मोजा. घाबरवण्यासाठी कुणी इतक्या खिडक्या ठेवत नाही.

(दृश्य: दक्षिणेकडची हिरवळ)

बाहेरची आखणी फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट वॉक्स यांची. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क ज्यांनी आखलं तेच दोघं, त्या वेळी बफेलोच्या उद्यानांच्या कामात होते. इमारत किंचित तिरकी बसली आहे ती ओल्मस्टेड यांच्यामुळे, कक्षांना जास्तीत जास्त ऊन मिळावं म्हणून. मागच्या बाजूला शेती होती, रुग्ण तिथे काम करत. पुढे ती जमीन महाविद्यालयाला गेली. समोरच्या भागावर मधल्या काळात गाड्यांचे तळ झाले होते. डांबर उखडून तिथे पुन्हा गवत आलं आहे.

(दृश्य: विटांचे कक्ष, पश्चिम बाजू)

टोकाकडे दगड संपतो आणि वीट सुरू होते. पैशांची काटकसर, दुसरं काही नाही. काम रखडत रखडत 1890च्या दशकाच्या मध्यात संपलं. रिचर्डसन 1886 मध्येच, सत्तेचाळिसाव्या वर्षी गेले. दोन्ही पंख पसरलेले त्यांनी पाहिले नाहीत.

एका इस्पितळात अडीचशेच रुग्ण असावेत, असा कर्कब्राइड यांचा आग्रह होता. 1866 मध्ये मनोरुग्णालयांच्या अधीक्षकांच्या संघटनेने ती मर्यादा 600 वर नेली. पुढे देशभरातल्या अशा इस्पितळांत गर्दी झाली, इथेही झाली, आणि उन्हाचा उपचार गर्दीपुढे टिकला नाही. 1974 मध्ये जुन्या इमारतींतून रुग्ण हलवले.

(दृश्य: पूर्वेकडची मोकळी जागा)

इथे विटांचे तीन कक्ष होते. 1960च्या दशकाच्या अखेरीस, नव्या रुग्णालयासाठी, ते पाडले. थव्याचा एक पंख तेव्हापासून अर्धा आहे. 1986 मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला, पण दर्जाने छप्पर गळायचं थांबत नाही. त्यासाठी नागरिकांना कोर्टात जावं लागलं, तेव्हा कुठे राज्य सरकारने पैसे दिले.

(दृश्य: काचेचं प्रवेशद्वार, मग आतला जिना)

2017 मध्ये मधल्या तीन इमारतींत हॉटेल उघडलं. ते 2021 मध्ये बंद पडलं आणि 2023 मध्ये नव्या नावाने पुन्हा सुरू झालं, ‘द रिचर्डसन हॉटेल’. रुग्णांच्या लहान खोल्या एकत्र करून पाहुण्यांच्या खोल्या झाल्या. नवं दार उत्तरेला, काचेचं. जुन्या दगडाशी स्पर्धा करत नाही, हे बरं केलं.

व्हरांडे मात्र रुंद होते तसेच ठेवले आहेत.

(दृश्य: व्हरांडा, टोकाच्या खिडकीतून येणारं ऊन. आवाज नाही.)