थेंब कुठून येतो?

(पहाट. तळ्याकाठी लाकडी घोडीवर टांगलेली जुनी मोटर. खाली वर्तमानपत्राचा कागद, त्यावर डाग.)

हा डाग काल रात्री इथे नव्हता. पेट्रोल उडून गेलंय. कागदावर उरलंय ते त्यात मिसळलेलं ऑइल, चांगलं बशीएवढं.

मोटर आहे एव्हिनरूड लाइटविन, 3 हॉर्सपॉवरची, 1950 च्या दशकातली. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात एका घराच्या अंगणात जुनं सामान विकायला मांडलं होतं, तिथून मी ती आणली. वजन जेमतेम पंधरा किलो, एका हातात धरून होडीच्या मागे अडकवता येते. तिचं कुळही याच राज्यातलं. नॉर्वेहून लहानपणी इथे आलेल्या ओले एव्हिनरूड यांनी 1909 मध्ये मिलवॉकीत होडीला बाहेरून लावायची मोटर विकायला काढली. ओकाउची तळ्यावर वल्ही मारत आणलेलं आइस्क्रीम वाटेतच वितळलं आणि त्यातून हे सुचलं, असं सांगतात. हिशेब आणि धंदा बघायच्या त्यांच्या पत्नी, बेस. 2020 मध्ये एव्हिनरूड मोटरी बनणं थांबलं. म्हणूनच अशी एखादी हाती आली की ती भंगारात द्यायला मन धजत नाही.

पण गळकी मोटर होडीवर चढवायची नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती होडीच्या तळाशी साचून राहते आणि एक ठिणगी पुरते. म्हणून आजचं सगळं काम उघड्यावर, आणि पहिलं काम म्हणजे स्पार्क प्लगच्या वायरी काढून ठेवणं.

(हात. चिंधीने पुसलं जाणारं इंजिन.)

थेंब जिथे पडतो तिथे गळती असते, असं नाही. पेट्रोल धातूच्या अंगावरून, नळीच्या पोटाखालून सरकत सरकत सगळ्यात खालच्या बोल्टपाशी येतं आणि तिथून टपकतं. मी आधी तो बोल्टच आवळत बसलो होतो. दोन संध्याकाळी गेल्या त्यात.

आता नीट. सगळं पुसून कोरडं केलं आणि वर टाल्कम पावडर भुरभुरली. ओल आली की पांढऱ्या पावडरीत काळपट रेघ उमटते, आणि ती रेघ वर वर नेत जायचं. या मोटरीत टाकी इंजिनाच्या अंगालाच आहे, पेट्रोल पंपाशिवाय, उतारानेच खाली येतं. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा ठेवायला विसरू नका. तो बंद असेल तर आत हवा शिरत नाही, पेट्रोल अडतं, आणि आपल्याला वाटतं गळती थांबली.

टाकीखालचा कॉक बंद. दहा मिनिटं. पावडर कोरडी. म्हणजे टाकी, तिचा जोड आणि कॉक, तिन्ही निर्दोष. कॉक उघडला. नळी कोरडी. पुढे कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग. त्याच्या वाटीचं गॅस्केट कोरडं. वेगात पेट्रोल किती जावं ते ठरवणाऱ्या हाय स्पीडच्या सुईभोवतीचं पॅकिंग या मोटरींत नेहमी दगा देतं, पण तेही कोरडं. आणि मग, पाचव्या मिनिटाला, कार्बोरेटरच्या तोंडातून, जिथून फक्त हवा आत जायला हवी तिथून, एक बारीक धार बाहेर आली.

(वाटी उघडलेली. आतला कॉर्कचा फ्लोट, अगदी जवळून.)

घरावरच्या पाण्याच्या टाकीत बॉलकॉक असतो ना, तसंच हे. पेट्रोल भरत आलं की फ्लोट वर तरंगतो आणि सुईला ढकलून वाट बंद करतो. हा फ्लोट कॉर्कचा आहे. हातावर घेतला तर ओलसर, जड. नखाने दाबला की पेट्रोल पाझरतं. वरचं पिवळसर आवरण पापुद्र्यासारखं सुटलंय, काही ठिकाणी चिकट झालंय. काचेच्या बरणीत पेट्रोल घेऊन त्यात सोडला. जेमतेम तरंगला, बाकी सगळा बुडालेला.

ते आवरण शेलॅकचं. शेलॅक म्हणजे आपली लाख, किड्यापासून मिळणारी. आपल्याकडे फर्निचरला पॉलिश करणारे कारागीर चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवतात, तेच हे. आणि इथेच सगळं उलगडतं. हा फ्लोट बनला त्या काळी पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये इथेनॉल नसायचं. आज अमेरिकेत बहुतेक पंपांवर त्यात 10 टक्के इथेनॉल असतं. भारतात 20 टक्क्यांपर्यंत. इथेनॉल म्हणजे स्पिरिटच. पॉलिशवाल्याच्या वाटीत जे मुद्दाम घडवतात, तेच इथे कार्बोरेटरच्या वाटीत हळूहळू घडत होतं. लाख गेली, कॉर्क उघडा पडला, पेट्रोल पिऊन जड झाला, सुई पुरती मिटेना.

मोटरीचा यात काही दोष नाही, आणि मला हे सापडल्यावर खरंच गलबलून आलं. इतक्या वर्षांत तिचं एक पितळी अंग झिजलेलं नव्हतं.

नवा फ्लोट बसवला, इथेनॉलला दाद न देणारा. सोबत नवी सुई आणि तिची बैठकही, कारण जुन्या सुईच्या टोकावर गोल वळ उठला होता. कार्बोरेटरचं वरचं अंग उलटं धरायचं, फ्लोट आपल्या वजनाने टेकू द्यायचा आणि तो कडेशी समांतर आहे का ते डोळ्यासमोर धरून बघायचं. माझा किंचित वर होता. फ्लोटची पट्टी अगदी हलक्या हाताने वाकवली. तीनदा बघितलं.

(दुसरी सकाळ. कोरा कागद.)

रात्रभर कॉक उघडा होता. टाकीत नवं मिश्रण, 24 भाग पेट्रोलला 1 भाग ऑइल. कागदावर दव आहे, बाकी काही नाही.

वायरी लावल्या. चोक ओढला. तिसऱ्या हिसक्याला निळा धूर आला आणि तळ्यावरचे बगळे उडाले. अर्ध्या तासाने काठाला येऊन मोटर बंद केली, झाकण काढलं आणि कार्बोरेटरच्या खालून बोट फिरवलं.

कोरडं.