गोदावरीचा लांबचा रस्ता

मंडळी, आपण नाशिककर हिला गोदावरी म्हणतच नाही. ‘गंगेवर जाऊन येतो’, ‘गंगेला पाणी चढलं’, हीच आपली बोली. पुराचं मापही घरचं. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी लागलं, कमरेला लागलं, की गावभर निरोप जातो. पण हीच नदी पुढे कशी होते, हे आपल्यातल्या फार थोड्यांनी पाहिलंय, म्हणून आज तिच्यामागून जाऊ या.

त्र्यंबकच्या ज्या ब्रह्मगिरी डोंगरावर ती उगम पावते, तिथून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटर. त्र्यंबकच्याच डोंगरांतून निघणारी वैतरणा तो जवळचा रस्ता धरते. गोदावरी मात्र पूर्वेला वळते आणि १४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. सह्याद्री पश्चिमेला कड्यासारखा तुटलेला आहे आणि पठार पूर्वेकडे हलकेच उतरतं, म्हणून हे घडतं. घाटमाथ्यावर पाऊस ज्या अंगाला पडेल, त्यावर त्याचा समुद्र ठरतो.

गंगापूर धरण ओलांडून ती शहरात येते, रामकुंडापाशी दक्षिणेला वळते आणि तपोवनात कपिलेला घेते. दारणा, कादवा मिळतात तिथे नांदूर मध्यमेश्वर, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. हिवाळ्यात तिथले पक्षी पाहायला नक्की जा. पुढचा मुलूख मात्र पर्जन्यछायेतला. ढग घाटमाथ्यावर रिते झालेले असतात. पैठणला नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, हे पाणी अडवतो, आणि तुटीच्या वर्षी वरच्या धरणांतून किती सोडायचं यावरून आपण नि मराठवाडा भांडतो. त्या भांडणात आपण पैठणच्या खालची नदी विसरतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कारण खरी गोदावरी तिथून खाली भरते. नांदेड मागे पडतं, कंदकुर्तीला मांजरा येते, आणि मग सिरोंचाजवळ प्राणहिता. वर्धा, वैनगंगा, पैनगंगा यांचं सगळं पाणी घेऊन ती येते. गोदावरीच्या एकूण खोऱ्याचा एक तृतीयांशाहून अधिक भाग या एकट्या प्राणहितेचा! त्यानंतर बस्तरमधून इंद्रावती, मग शबरी. म्हणजे समुद्राला जे पाणी पोहोचतं, त्यात त्र्यंबकपेक्षा विदर्भाच्या आणि बस्तरच्या पावसाचा वाटा कितीतरी मोठा.

आंध्रातल्या पापीकोंडा डोंगरांच्या चिंचोळ्या घळीतून ती बाहेर पडते आणि राजमहेंद्रीला इतकी पसरते, की तिथला पूल किलोमीटरांत मोजावा लागतो. खाली धवळेश्वरमला ब्रिटिश अभियंता आर्थर कॉटन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बंधारा घातला. त्यावर कालव्यांचा मुलूख उभा राहिला. भात, नारळ, केळी. तिथले शेतकरी आजही कॉटन यांच्या पुतळ्याला हार घालतात.

धवळेश्वरमच्या खाली ती फाटे फोडते. पश्चिमेचा फाटा वसिष्ठा, अंतर्वेदीला समुद्रात जातो. पूर्वेचा यानमकडे. त्या पूर्वेच्या फाट्याला तिथली तेलुगू माणसं गौतमी म्हणतात. ब्रह्मगिरीवर ज्यांनी तिला आणलं असं आपण मानतो, त्याच गौतम ऋषींच्या नावानं.