हूडच्या फिल्टरचा दुसरा संच

(हॉटेलचालक, आचारी आणि केटरिंगचे विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मित्रहो,

भटारखान्यात शेगडीच्या वर बसवलेला हूड धूर बाहेर टाकण्यासाठी असतो आणि त्यातले फिल्टर म्हणजे तेल अडवणारी जाळी, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. तळणाचे तेल साधारण १८० अंश सेल्सिअसवर काम देते. गॅस चालू राहून ते विसरले गेले, तर सव्वादोनशे अंशांच्या आसपास धुरावू लागते आणि साडेतीनशेच्या पुढे गेल्यावर ठिणगीशिवायही पेटू शकते. त्या वेळी ब्लोअर, म्हणजे धूर ओढणारा पंखा, चालू असतो आणि ज्वाला सरळ वर ओढली जाते. ती आणि डक्ट, म्हणजे धूर बाहेर नेणारी पत्र्याची नळी, यांच्यामध्ये फक्त फिल्टर असतो. डक्टच्या आतल्या पत्र्यावर तेलाचा राप बसलेला असेल आणि ज्वाला तिथवर पोहोचली, तर आग भटारखान्यापुरती राहत नाही. डक्ट ज्या ज्या मजल्यावरून जातो तिथे तिथे ती जाते. म्हणून फिल्टरचा विचार स्वच्छतेच्या वहीत करण्याआधी अग्निसुरक्षेच्या वहीत केला पाहिजे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

आज चांगल्या हूडमध्ये बॅफल फिल्टर असतात. एका चौकटीत पन्हळीसारख्या वाकवलेल्या पट्ट्यांच्या दोन रांगा समोरासमोर, एकमेकींच्या फटी झाकतील अशा बसवलेल्या असतात. हवा या पट्ट्यांमधून जाताना तिला झटकन वळावे लागते; तेलाचे जड थेंब तेवढ्या चपळाईने वळू शकत नाहीत, ते पत्र्यावर आदळतात, खाली ओघळतात आणि पन्हळीतून ट्रेमध्ये जमतात. ज्वालेचाही मार्ग याच वळणांमुळे तुटतो. अगदी बारीक कण आणि तेलाची वाफ मात्र यातून निसटते आणि पुढे डक्टमध्ये थंड होऊन चिकटते, म्हणून फिल्टर कितीही उत्तम असला तरी डक्ट साफ करणे टळत नाही. याउलट तारेच्या जाळीचे, अनेक पदरांचे जे फिल्टर जुन्या हूडमध्ये दिसतात, ते तेल खाली सोडतच नाहीत. कढईच्या डोक्यावर तेलात भिजवलेला बोळा टांगून ठेवावा तसे ते असतात. अमेरिकेतील नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनच्या ९६ क्रमांकाच्या मानकात, ज्याचा आधार आपल्याकडचे सल्लागारही घेतात, अशा जाळीला प्राथमिक फिल्टर म्हणून परवानगी नाही. आपल्या हूडमध्ये ती असेल तर धुवत बसू नका, बदला.

त्याच मानकानुसार फिल्टर आडव्या पातळीशी किमान ४५ अंशांच्या कोनात असावा आणि शेगडीच्या पृष्ठभागापासून किमान ४५७ मिलिमीटर, म्हणजे १८ इंच, वर असावा. कोळशाच्या भट्टीसाठी हे अंतर याहून बरेच अधिक लागते, तिचा डक्टही इतर शेगड्यांपासून वेगळा ठेवावा लागतो आणि ठिणग्या अडवण्याची सोय करावी लागते. तंदूर आणि तळण एकाच हूडखाली घेणाऱ्यांनी याचा गांभीर्याने विचार करावा.

आता एका बारीक गोष्टीकडे लक्ष वेधतो. आपल्याकडचे बरेच फिल्टर चौरस असतात, म्हणजे ते चारही बाजूंनी खाचेत बसतात. पट्ट्या उभ्या राहतील आणि तेल निथळण्याची भोके खालच्या कडेला येतील, अशाच रीतीने फिल्टर बसवायचा असतो. घाईत तो एक चतुर्थांश फिरला की पट्ट्या आडव्या होतात, प्रत्येक पन्हळीत तेल साचते आणि फिल्टर समोरून लखलखीत दिसत असूनही आतून भरत जातो. दोन्ही हँडल कोणत्या बाजूला आली पाहिजेत, हे तेलरंगाने हूडच्या कडेवर एकदा लिहून ठेवले, तर नवा मुलगाही चूक करत नाही.

धुण्याबद्दल बोलताना मला मुख्य मुद्दा मांडायचा आहे. रात्री साडेअकराला गल्ला बंद झाल्यावर, दिवसभर थकलेला मदतनीस हे फिल्टर मोरीत घेऊन बसतो. पाणी गार, साबण भांड्यांचा, हातमोजे नाहीत. तो समोरची बाजू घासतो, कारण मालकाला तीच दिसते. पट्ट्यांच्या आतल्या कडा ओशट राहतात. सकाळी ओले फिल्टर वर चढतात आणि त्यातले पाणी गरम कढईत ठिबकते. याहून वाईट म्हणजे, फिल्टर वाळले नाहीत म्हणून तळणाचा पहिला घाणा त्यांच्याशिवायच काढला जातो, आणि तेवढ्या वेळात तेल थेट डक्टमध्ये जाते. यात त्या मुलाचा दोष नाही. फिल्टरचा एकच संच विकत घेतल्याचा हा परिणाम आहे. प्रत्येक हूडसाठी दोन संच हवेत. एक वर लावलेला, दुसरा धुऊन कोरडा करून ठेवलेला. मग धुण्याचे काम रात्री उरकण्याची गरज राहत नाही, ते दुपारच्या सवडीत, नीट होते.

नीट म्हणजे कसे? फिल्टर थंड झाल्यावर उतरवावा, कडकडीत गरम पाण्यात तेल तोडणारा द्रव घालून अर्धा तास बुडवून ठेवावा, मग मागच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा द्यावा. धुतलेला फिल्टर तिरपा धरून थोडा वेळ थांबावे. कोपऱ्यातून पिवळसर थेंब आला तर तो पुन्हा बुडवावा. कॉस्टिक सोडा स्टीलवर चालतो, पण ॲल्युमिनियमच्या फिल्टरवर कधीही वापरू नये, कारण तो धातू खातो, त्यातून ज्वलनशील हायड्रोजन वायू सुटतो आणि पत्रा काळा पडून त्याला खड्डे पडतात. स्टीलवर ब्लीच आणि तारेचा घासणीगोळा टाळावा. वडे, भजी आणि चायनीजची कढई दिवसभर चालणाऱ्या ठिकाणी हे रोज व्हावे. बेताच्या स्वयंपाकाला आठवड्यातून दोनदा पुरते. जुने, काळवंडलेले तेल लवकर धुरावते आणि फिल्टरही लवकर भरतो, म्हणून अन्न सुरक्षा प्राधिकरणाने तळणाच्या तेलातील ध्रुवीय घटकांवर, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापून खराब झाल्यावर त्यात वाढणाऱ्या घटकांवर, घातलेली २५ टक्क्यांची मर्यादा पाळली, तर धुण्याचे कामही हलके होते. ट्रेमधले तेल पुन्हा कढईत जाता कामा नये, हे सांगावे लागू नये, तरी सांगतो.

महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे नमुना 'ब' प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते. त्याच वेळी डक्ट उघडून तपासण्याची सवय लावून घ्या. दिवसभर तळण चालत असेल तर मात्र सहा महिने वाट पाहणे धोक्याचे आहे. तिथे दर तीन महिन्यांनी पाहावे.

फिल्टर बदलायचा कधी? चौकट वाकली, रिव्हेट सुटले, पट्टी हलू लागली, किंवा दोन फिल्टरांमध्ये फट दिसू लागली की लगेच. फटीतून हवा सोप्या वाटेने जाते आणि बाकीचे फिल्टर नुसते शोभेला उरतात. नवा फिल्टर मागवताना जुन्याच्या मापावर विसंबू नका. बाजारात 'वीस बाय वीस' म्हणून काही जण ५०० मिलिमीटरचा फिल्टर देतात, तर वीस इंच म्हणजे ५०८ मिलिमीटर. चार फिल्टरांच्या रांगेत हा फरक ३२ मिलिमीटरवर जातो. म्हणून हूडची खाच आतून मोजा. स्टीलचा दर्जा बिलावर लिहून घ्या, कारण ३०४ आणि स्वस्त २०२ यांतला फरक लोहचुंबकाने कळत नाही.

नवे फिल्टर बसवल्यावर ब्लोअर चालू करून पातळ कागदाची पट्टी हूडच्या चारही कडांना, विशेषतः कोपऱ्यांना, धरून पाहा. ती आत ओढली गेली पाहिजे. फिल्टर स्वच्छ असूनही कागद नुसता लोंबत राहिला, तर ब्लोअरचा पट्टा सैल आहे का, पंख्याची पाती चिकटाने जड झाली आहेत का आणि डक्ट कुठे तुंबला आहे का, हे पाहण्यासाठी कारागिराला बोलवा, आणि तोवर त्या हूडखाली तळण घेऊ नका.