स्टॉर्सचे सूत्रधार

[दृश्य: मॅडिसन स्क्वेअर गार्डन, न्यूयॉर्क. १० मार्च २०११.]

स्कोअर ७४-७४. शेवटचे काही सेकंद. चेंडू केम्बा वॉकरकडे आणि त्याला अडवायला पिट्सबर्ग विद्यापीठाचा धिप्पाड सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू, गॅरी मॅकगी. केम्बा आत घुसतोय असं वाटतं, मॅकगी मागे सरकतो, आणि केम्बा करकचून थांबून एक पाऊल मागे येतो. मॅकगीचा तोल जातो. तो सावरेपर्यंत चेंडू हातातून सुटलेला. ७६-७४.

यूकॉनचा, म्हणजे अमेरिकेतल्या कनेक्टिकट विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचा, सगळ्यात भारी पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू हाताळून चाली रचणारा खेळाडू, कोण, हा वाद निघाला की कुणीतरी केम्बाच्या या शॉटची क्लिप लावतं आणि वाद तिथेच संपतो. मला तो असा संपलेला पटत नाही.

[दृश्य: स्टॉर्स, यूकॉनचं गाव. संघाच्या गॅम्पल पॅव्हिलियन या मैदानाचा घुमट.]

१८८१ मध्ये इथे शेतकी शाळा सुरू झाली, तिचं हे विद्यापीठ झालं. पुरुष संघाची सहा राष्ट्रीय विजेतेपदं, आणि पहिलं १९९९ चं. समोर ड्यूक. यूकॉन जिंकेल असं फारसं कुणी धरलं नव्हतं. पॉइंट गार्ड खालिद एल-अमीन, जेमतेम ५ फूट १० इंच, अंगाने गुटगुटीत. ५.२ सेकंद उरले असताना त्याने दोन फ्री थ्रो, म्हणजे फाउलबद्दल मिळणारे मोकळे शॉट, टाकले, दोन्ही आत. ७७-७४. मग तो कॅमेऱ्यासमोर ओरडला, "आम्ही जगाला हादरवलं!" गुण सर्वाधिक होते रिचर्ड हॅमिल्टनचे, २७. पण लक्षात राहिली ती आरोळी.

आता पुन्हा केम्बा. २०११ मध्ये बिग ईस्ट या विद्यापीठांच्या गटाच्या साखळीत संघ नववा होता. तिथून गटाच्या स्पर्धेत पाच दिवसांत पाच सामने, पाचही जिंकले; सुरुवातीचा तो शॉट त्यातलाच. केम्बाचे एकूण १३० गुण. पुढे राष्ट्रीय स्पर्धेत आणखी सहा विजय. मात्र बटलरविरुद्धचा अंतिम सामना बघवत नाही. ५३-४१, आणि केम्बाचे १९ पैकी फक्त ५ शॉट आत. तो सामना कुणी पुन्हा लावत नाही, हे वेगळं सांगायला नको.

त्याच संघात पहिल्या वर्षाला एक पोरगा होता, बॉस्टनचा शबाझ नेपियर. केम्बा व्यावसायिक लीगमध्ये गेला आणि चेंडू हळूहळू नेपियरच्या ताब्यात आला. पण दिवस वाईट आले. खेळाडूंच्या अभ्यासातल्या प्रगतीचे निकष संघाने पाळले नव्हते, म्हणून २०१३ च्या राष्ट्रीय स्पर्धेत बंदी. प्रशिक्षक जिम कॅल्हून निवृत्त झाले. काही सहकारी दुसऱ्या विद्यापीठांत गेले. नेपियर थांबला. नवे प्रशिक्षक केव्हिन ऑली. तेही यूकॉनचेच जुने पॉइंट गार्ड.

[दृश्य: आर्लिंग्टन, टेक्सास. एप्रिल २०१४.]

सातवं मानांकन मिळालेला संघ अंतिम फेरीत. समोर केंटकी. यूकॉनला दहा फ्री थ्रो मिळाले, दहाही आत. केंटकीने २४ पैकी ११ वाया घालवले. निकाल ६०-५४, नेपियर २२ गुण. सामना त्या फ्री थ्रोंवरच फिरला, आणि फ्री थ्रोची क्लिप कोण बघणार?

त्याच दिवसांत नेपियर पत्रकारांना सांगून गेला होता की काही रात्री तो उपाशीपोटी झोपतो. ज्याच्या जर्सी दुकानात विकल्या जात होत्या, तो. त्याच महिन्यात खेळाडूंच्या जेवणावरची मर्यादा उठवली गेली. मला विचाराल तर माझं मत नेपियरला. त्यात माझा थोडा जीव अडकलाय, हेही कबूल.

[दृश्य: ट्रिस्टन न्यूटन, संथ गतीत.]

न्यूटन वेगळ्या काळातला. उंची ६ फूट ५ इंच. ईस्ट कॅरोलायनात तीन हंगाम खेळून २०२२ मध्ये आला. २०२१ पासून एकदा विद्यापीठ बदललं तर वर्षभर बाहेर बसावं लागत नव्हतं, खेळाडूंना नावावर पैसेही कमावता येऊ लागले होते. प्रशिक्षक डॅन हर्ली यांच्या संघात चेंडू एका हातात फार काळ राहत नाही. न्यूटन पास देणार, पळणार, दुसऱ्या बाजूला परत घेणार. २०२३ आणि २०२४, सलग दोन विजेतेपदं. दोन स्पर्धांतले मिळून बारा सामने, आणि सगळ्यात निसटता विजयसुद्धा १३ गुणांचा. २०२४ च्या अंतिम सामन्यात पर्ड्यूविरुद्ध त्याचे २० गुण, ७ असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास), आणि स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडूही तोच.

या बारा सामन्यांत न्यूटनचा शेवटच्या सेकंदाचा शॉट शोधाल तर मिळणार नाही. तोवर सामना कधीच संपलेला असायचा.

[दृश्य: सरावाचं मैदान.]

२०२५ मध्ये जॉर्जिया विद्यापीठातून सायलस डिमेरी ज्युनियर आला.  त्याची या पॉइंट गार्डांशी तुलना करायची झाली, तर एखादी क्लिप नको, आधी पूर्ण सामना लावा.