एसीची जाळी आणि घरातली हवा

श्रोतेहो, नमस्कार.

घोडबंदर रस्त्यालगतच्या घरात सकाळी खिडकीचे गज पुसावेत आणि संध्याकाळी त्यांवरून बोट फिरवावे, तर बोटाला करडी धूळ लागते. अवजड वाहने, मेट्रोचे काम, जागोजागी चाललेली बांधकामे आणि खाडीपलीकडे रबाळे, तुर्भे, तळोजा या पट्ट्यातील कारखाने यांना कंटाळून ठाणे-नवी मुंबईतील अनेक कुटुंबे खिडक्या लावून एसी सुरू करतात आणि आता आपल्याला गाळलेली हवा मिळते आहे, असे समजून निर्धास्त होतात. ही समजूत चुकीची आहे. भिंतीवरचा स्प्लिट एसी सहसा बाहेरची हवा आत घेतच नाही. तो खोलीतलीच हवा ओढतो, गार करतो आणि परत खोलीत सोडतो. त्याच्यातली नायलॉनची जाळी मुख्यतः आतल्या कॉइलला, म्हणजे हवा गार करणाऱ्या नळ्यांना, धुळीपासून वाचवण्यासाठी असते. केस, कपड्यांचे तंतू, ढोबळ धूळ तिच्यात अडकते. परंतु आपला केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असतो आणि छातीत खोलवर जाणारे कण २.५ मायक्रॉनचे किंवा त्याहून लहान असतात. ते त्या जाळीतून सहज पार होतात.

म्हणून जाळीकडे दुर्लक्ष करावे, असे मात्र मुळीच नाही. एका उन्हाळ्यात आमचा एसी गार करेनासा झाला. आलेल्या मेकॅनिकने झाकण न उघडताच गॅस कमी झाल्याचे सांगितले आणि मी पैसे मोजले. दोन दिवसांनी एसीखालच्या भिंतीवरून पाणी ओघळू लागले, तेव्हा मी स्वतः झाकण उचलले. जाळीवर घोंगडीसारखा जाड थर बसला होता. एसीतला गॅस बंद नळ्यांतून फिरतो; गळती नसेल तर तो संपत नाही. जाळी तुंबली की कॉइलवरून पुरेशी हवा जात नाही, कॉइलवर बर्फ धरतो आणि यंत्र बंद होताच तो वितळून पाणी होतो. त्यामुळे गॅस भरण्यापूर्वी गळतीची तपासणी करून मागावी आणि त्याच्याही आधी आपण जाळी पाहावी.

रस्त्याकडेच्या घरात एसीच्या दिवसांत दर पंधरवड्याला जाळी धुवावी, असे माझे मत आहे. मुख्य स्विच बंद करावा, जाळी अलगद काढावी आणि नळाची धार धुळीच्या बाजूने नव्हे, तर उलट बाजूने सोडावी, म्हणजे धूळ आली त्याच वाटेने बाहेर पडते. गरम पाणी किंवा तारेची घासणी वापरू नये. जाळी सावलीत पूर्ण वाळवावी. उन्हात प्लास्टिकची चौकट वाकते आणि मग ती खाचेत नीट बसत नाही. पावसाळ्यात ओलसर जाळी घाईने बसवली, तर कुबट वास येऊ लागतो. काही जण धूळ अडावी म्हणून जाळीवर जाड कापड लावतात; त्याने हवाच अडते, ते करू नये.

सूक्ष्म कणांसाठी वेगळा एअर प्युरिफायर लागतो. घरात दम्याचा रुग्ण, तान्हे मूल किंवा वृद्ध माणूस असेल, तर हा खर्च मला योग्य वाटतो. त्यात हेपा, म्हणजे सूक्ष्म कण अडवणारा, फिल्टर असावा. खऱ्या हेपा फिल्टरची कसोटी अशी सांगितली जाते, की ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण त्याने अडवले पाहिजेत. खोक्यावर ‘हेपा टाइप’ असे लिहिलेले असेल, तर ती हमी मिळत नाही. दुसरा आकडा सीएडीआरचा, म्हणजे यंत्र तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देते त्याचा. बारा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोलीत सुमारे ३४ घनमीटर हवा मावते. ती तासाला पाच वेळा गाळली जावी असे वाटत असेल, तर सीएडीआर १७० च्या आसपास हवा. वास आणि वायू हेपाला अडवता येत नाहीत, त्यासाठी सक्रिय कोळशाचा थर लागतो. तळोजा किंवा तुर्भे परिसरात राहणाऱ्यांनी तो अवश्य पाहावा.

हेपा फिल्टर कधीही पाण्याने धुऊ नये. त्याचे तंतू बिघडतात. नवा फिल्टर बसवताना त्यावरची प्लास्टिकची पिशवी काढली आहे ना, हे पाहावे. बदलण्याची सूचना देणारा दिवा अनेक यंत्रांत केवळ वापराचे तास मोजतो, प्रत्यक्ष मळ मोजत नाही. म्हणून फिल्टरच्या कडेवर पेनाने बसवल्याची तारीख लिहावी आणि दर महिन्याला तो बाहेर काढून उजेडात धरून पाहावा.