पंगतीतला शेवटचा पाट

पुढची रांग रिकामी दिसतेय, म्हणजे बहुतेक सगळे नवीनच आहात. वसतिगृहाच्या पहिल्या आठवड्यात पुढच्या रांगेत कोणी बसत नाही, आमच्या वेळीही बसत नसत. असू दे, मागे बसूनही नीट ऐकू येतं.

मी वेंगुर्ले तालुक्यातला. सतराव्या वर्षी पुण्याला शिकायला आलो. पहिल्या संध्याकाळी खोलीतला जोडीदार बाहेरून आला, आणि मी सहज मालवणीत विचारलं, "खंय गेललंस?" म्हणजे, कुठे गेला होतास? खोलीत आणखी चार जण होते. ते इतके हसले, की शेजारच्या खोलीतले बघायला आले. त्या दिवसापासून माझं नाव 'खंय'. मेसमध्ये, मैदानावर, अगदी परीक्षेच्या हॉलबाहेरसुद्धा मी 'खंय'. त्यात कोणाचा दुष्टावा नव्हता, हे मला फार उशिरा कळलं. मी मात्र दोन महिने तोंड मिटून बसलो आणि मग ठरवून पुणेरी बोलायला लागलो. 'मला'मधला 'ला' कुठे तोडायचा, 'हो का' किती कोरडं म्हणायचं, याचा चोरून सराव केला. दिवाळीला घरी गेलो तर आई दोन मिनिटं ऐकून म्हणाली, "असो कित्याक बोलतंस रे?"

तर नव्या मंडळींत जाताना आपण स्वतःला नव्याने घडवतो, हे मी केलेलं आहे, आणि वाईट केलेलं आहे. त्यात धाडस काही नव्हतं. भीतीने अंगावर ओढलेली चादर होती ती.

धाडसाचं उदाहरण द्यायचं, तर आमच्याच बाजूचा, खाडीपलीकडचा एक माणूस मला आठवतो. धर्मानंद कोसंबी. गणिताच्या आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांना दामोदर कोसंबी माहीत असतील, हे त्यांचे वडील. जन्म १८७६ चा, गोव्यातल्या साखवाळचा. तेव्हा तिथे पोर्तुगीजांचं राज्य. गावात धड शाळा नाही, तब्येत तोळामासा, जेमतेम मराठी शिक्षण, आणि वाट्याला आलेलं काम म्हणजे घरची नारळाची बागायत बघणं. 'बालबोधमेवा' नावाचं मुलांचं मासिक निघत असे. त्यात बुद्धाबद्दलचा मजकूर त्यांच्या वाचनात आला. विशीतल्या माणसाने मुलांचं मासिक वाचलं आणि त्याची झोप उडाली. हा बुद्ध नीट समजून घ्यायचा, तर त्यासाठी संस्कृत पाहिजे, बौद्ध ग्रंथांची पाली भाषा पाहिजे, आणि साखवाळच्या माडांखाली ते मिळणार नाही.

१८९९ च्या अखेरीस ते घर सोडून पुण्याला आले. मागे बायको, बाळाबाई. आणि तान्ही मुलगी, माणिक.

या वाक्यावरून पुढे पळायचं नाही असं मी ठरवून आलोय. कोसंबींवर बोलणारे बहुतेक जण इथे घाईत असतात, कारण पुढे सिलोन, म्हणजे आजची श्रीलंका आहे, अमेरिका आहे. धाडस एकाचं असतं आणि त्याचा खर्च पुष्कळदा दुसऱ्याच्या नावावर पडतो. नवरा ज्ञान शोधायला गेलाय, हे गावात चारचौघींत सांगणं काय असेल, याचा विचार करा. कोसंबींनी पुढे 'निवेदन' नावाचं आत्मचरित्र लिहिलं. ते जरूर वाचा, पण पानापानाला बाळाबाईंना शेजारी बसवून वाचा. मी त्यांचा चाहता आहे, म्हणूनच हे सांगतोय.

पुण्यात संस्कृतचे मोठे पंडित डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची भेट झाली, पण तिथे मन रमलं नाही. मग काशी. तिथे अन्नछत्रात जेवायचं आणि संस्कृत शिकायचं. व्याकरण शिकणारी पोरं आठ-दहा वर्षांची असताना सुरुवात करतात, हा चोविशीचा बाप्या. मग बुद्धाचा धर्म नेपाळात असेल म्हणून नेपाळ. तिथे मनातलं काही सापडलं नाही, म्हणून बुद्धगया. तिथून सल्ला मिळाला, की पाली शिकायची तर सिलोनला जा. आगगाडीचे पैसे कुठून आले, जहाजाचे कुठून आले, ती एक वेगळी कहाणी आहे. १९०२ साली ते कोलंबोला पोचले.

कोलंबोतल्या माळिगाकंद भागात विद्योदय परिवेण नावाचं विद्यापीठ होतं. १८७३ साली सुरू झालेलं. प्रमुख होते सुमंगल महास्थविर, तेव्हा पंचाहत्तरीचे. त्यांच्याकडे कोसंबी श्रामणेर झाले. श्रामणेर म्हणजे भिक्षूंमधला उमेदवार. डोकं भादरतात. चीवर, म्हणजे भिक्षूचं वस्त्र, आपण होऊन मागावं लागतं. तीन वेळा शरण जायचं, मग दहा शीलं घ्यायची. त्यांतलं एक असं, की दुपार टळल्यावर अन्न नाही. आणखी एक असं, की सोनं-रुपं, म्हणजे पैसा, स्वीकारायचा नाही.

पण मला यातलं सगळ्यात अवघड वाटतं ते वेगळंच आहे. भिक्षूंच्या संघात वय विचारत नाहीत, किती वर्षावास, म्हणजे संघात किती पावसाळे झाले ते विचारतात. तुमच्या आधी ज्याने दीक्षा घेतली तो ज्येष्ठ. तो वयाने लहान असला तरी वंदन तुम्ही करायचं, आणि पंगतीत तो वर बसणार. घरी जावई म्हणून, बाप म्हणून, बागायतीचा मालक म्हणून पहिल्या पाटावर बसलेल्या माणसाने इथे शेवटच्या पाटावर बसायचं. काशीत घोटलेलं संस्कृत इथे मोजत नाहीत. संघाच्या मूळ नियमांत जात मोजत नाहीत, हे चांगलंच. पण ज्या जातीत लोक आपोआप 'या, बसा' म्हणत होते, तीही गेली.

आपण नव्या ठिकाणी जातो तेव्हा जुन्या ठिकाणचा हुद्दा खिशात घेऊन जातो. "आमच्या कॉलेजात मी जीएस होतो." पहिल्या आठवड्यात हे वाक्य तुमच्यापैकी किमान दहा जणांनी म्हटलं असणार. हसू नका, मीही म्हटलंय. वेंगुर्ल्यात वक्तृत्वाची ढाल मिळवली होती मी! ती ढाल बाजूला ठेवून "मला हे येत नाही, शिकवा" म्हणणं, तेही आपल्याहून लहान माणसाला, हे मला धाडस वाटतं. मोठ्या आवाजात स्वतःची ओळख करून देणं सोपं असतं, ते आरशापुढे जमवता येतं.

सिलोनात त्यांना पाली मिळाली, सिंहली लिपी मिळाली. जेवण मात्र मानवलं नाही. पुढे ब्रह्मदेश, तिथे ध्यानाचा अभ्यास, आणखी एक लिपी, आणखी एक भाषा. मग परत हिंदुस्थान. आणि १९०६ च्या सुमारास कलकत्त्यात त्यांनी चीवर उतरवलं.

माझ्या मते हे घर सोडण्याइतकंच धाडसाचं. ज्या संघात इतक्या खस्ता खाऊन शिरलो, तिथून बाहेर पडायचं. विनयाच्या, म्हणजे भिक्षूंच्या आचाराच्या, नियमांत त्याची मोकळीक आहे, पण लोकांच्या नजरेत नसते. 'जमलं नाही वाटतं' असं म्हणणारे सगळ्या देशांत असतात. त्यांचा हिशेब साधा होता. पाली आपल्या लोकांत शिकवायची आहे आणि भिक्षूच्या बंधनांत राहून ते नीट होत नाही. मग वेष गेला. बुद्ध समजून घ्यायचा आणि समजावून सांगायचा हे जे साखवाळला डोक्यात बसलं होतं, ते तसंच राहिलं. ते गावी गेले, घरच्यांना भेटले, संसार पुन्हा सुरू झाला. १९०७ मध्ये दामोदर जन्मले.

कलकत्त्यात पाली शिकवण्याची नोकरी लागली होती. ती सोडून सयाजीराव गायकवाडांच्या महिना ५० रुपयांच्या मदतीवर ते महाराष्ट्रात आले, कारण काम मराठी माणसांत करायचं होतं. याच काळात हार्वर्डचे प्राध्यापक वुड्स भेटले आणि १९१० साली हा नारळाच्या बागेतला माणूस अमेरिकेत केंब्रिजला जाऊन पोचला. काम होतं 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाची प्रत शुद्ध करण्याचं. वॉरन नावाचे अमेरिकन पंडित ते काम अर्धवट टाकून १८९९ मध्येच वारले होते. म्हणजे कोसंबी घरातून निघाले त्याच वर्षी. हा निव्वळ योगायोग आहे, त्यातून काही काढू नका.

इथे मात्र शेवटचा पाट त्यांनी मुकाट्याने घेतला नाही. मुखपृष्ठावर श्रेय कोणाला किती, यावरून तिथले ज्येष्ठ प्राध्यापक लॅनमन यांच्याशी त्यांचं बिनसलं आणि १९१२ मध्ये ते परत आले. कोलंबोत पोरासोरांना वंदन करणारा हाच माणूस. मला यात विसंगती दिसत नाही. तिथे त्यांना खरोखर येत नव्हतं, म्हणून ते वाकले. इथे येत होतं, काम केलं होतं, म्हणून अडून बसले. शिकाऊ होणं वेगळं आणि फुकटचा राबता गडी होणं वेगळं, हे तुम्हालाही इंटर्नशिपला जाल तेव्हा लागेल. तो ग्रंथ हार्वर्डच्या मालेत छापून निघाला १९५० साली, कोसंबी जाऊन तीन वर्षं झाल्यावर.

१९१२ ला फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवायला लागले. आजूबाजूला सगळे पदवीधर, यांच्याकडे पदवी नाही. पुन्हा नवी पंगत! सहा वर्षांनी परत हार्वर्ड, या वेळी माणिक आणि दामोदर बरोबर. तान्ही असताना मागे ठेवलेली माणिक तिथे रॅडक्लिफ कॉलेजात शिकून पदवीधर झाली. दामोदर अकरा वर्षांचे, अमेरिकन शाळेत. नव्या वर्गात गोव्याचा मुलगा म्हणून त्यांचं काय झालं असेल, त्यावर एक वेगळं व्याख्यान होईल. त्यानंतर अहमदाबादचं गुजरात विद्यापीठ, मग लेनिनग्राड, हे मी भराभर सांगतोय, कारण मेसची वेळ होत आलीय आणि तुमचं लक्ष घड्याळाकडे आहे.

एकच सांगतो. लेनिनग्राडहून ते परतले १९३० मध्ये, आणि देशात मिठाचा सत्याग्रह पेटलेला. वय त्रेपन्न. हार्वर्ड बघितलेला, रशिया बघितलेला माणूस उठून शिरोड्याला गेला, निम्म्या वयाच्या स्वयंसेवकांत. पुढे तुरुंगातही गेला. शिरोडा आमच्या तालुक्यात. मिठागरांच्या बांधावरून थोडं दक्षिणेला चालत गेलात, तर तेरेखोलची खाडी लागते आणि पलीकडे गोवा. तीस वर्षं पुणेरी मराठी, संस्कृत, पाली, सिंहली, इंग्रजी बोलून हा गृहस्थ फिरून त्या काठाशी आला होता. तिथल्या एखाद्या आगरवाल्या म्हाताऱ्याने त्यांना कोणत्या बोलीत काय विचारलं असेल, एवढं मी अगदी खात्रीने सांगू शकतो. "खंय होतात इतकी वर्सां?"