निर्वासित छावणीत मनाचा इलाज नेमका कुठे अडतो?

नमस्कार मंडळी. आज बांगलादेशातल्या कॉक्स बाजारच्या रोहिंग्या निर्वासित छावण्यांबद्दल बोलू. ऑगस्ट २०१७ नंतर म्यानमारमधून सात लाखांहून जास्त रोहिंग्या बांगलादेशात आले आणि बहुतेक जण अजून तिथेच आहेत, डोंगरउतारावर बांबू-ताडपत्रीच्या झोपड्यांत. रीतसर नोकरी करायची मुभा नाही, परत जायची तारीख नाही. त्यामुळे सगळं दुखणं जुन्या हिंसाचाराच्या माथी मारू नका. आजचं रिकामपण आणि उद्याची धास्तीही माणसाला पोखरते.

छावणीतल्या आरोग्य केंद्रात येणारी बाई ‘मन उदास आहे’ असं सहसा सांगतच नाही. डोकं दुखतं, छातीत धडधडतं, झोप लागत नाही, एवढंच सांगते. मग पॅरासिटामॉल मिळते आणि ती घरी जाते. इथे दोन प्रश्न जास्तीचे हवेत: दोन आठवडे कशातच मन लागत नाही का? आणि जीव द्यावासा वाटतो का? हा दुसरा प्रश्न थेट विचारायचा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. दुभाषी म्हणून नवरा किंवा मुलगा मात्र बसवायचा नाही; घरात मारहाण होत असेल तर ती बाई तोंडच उघडणार नाही.

सौम्य त्रासाला गोळी लागतेच असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेची ‘प्रॉब्लेम मॅनेजमेंट प्लस’ ही पद्धत पाच बैठकांची आहे, प्रत्येक साधारण दीड तासाची. प्रशिक्षण आणि देखरेख असेल तर डॉक्टर नसलेले कार्यकर्तेही ती घेऊ शकतात. आत्महत्येचा तातडीचा धोका किंवा भास-भ्रम असतील, तर मात्र रुग्ण लगेच डॉक्टरकडे.

औषधाची खरी गोची पहिल्या चिठ्ठीनंतर सुरू होते. फ्लुओक्सेटिन या उदासीनतेवरच्या औषधाचा पुरता गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात, मळमळ मात्र पहिल्याच आठवड्यात. ‘औषध बाधलं’ म्हणून लोक सोडतात. बरं वाटल्यावरही ते नऊ ते बारा महिने चालू ठेवायचं असतं, हे सांगायला कुणाला सवड नसते.

अपस्माराचे म्हणजे फिट येणारे रुग्णही याच केंद्रांत येतात आणि त्यांच्या औषधातला खंड जिवावर बेततो. फेनोबार्बिटल हे झटके रोखणारं औषध अचानक थांबलं तर झटक्यामागून झटके येऊ शकतात. पाच मिनिटांपेक्षा लांबलेला झटका म्हणजे इमर्जन्सी. म्हणून पावसाळ्यात दरडी कोसळून वाटा बंद होण्याआधीच जास्तीच्या गोळ्या द्यायच्या. चिठ्ठीवर कंपनीचं नाव नको. औषधाचं मूळ नाव, मिलिग्रॅम आणि वेळ लिहायची. आणि निधी संपून केंद्र बंद होणार असेल, तर नुसता नवा पत्ता देऊन भागत नाही. कार्यकर्त्याने रुग्णाला तिथे घेऊन जायचं, गोळ्या हातात पडेपर्यंत थांबायचं.